घटक ४ : विधेयकावरील निवेदन – व्यापारी संघटना आणि विधिमंडळाचे अधिवेशन

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला,
• विधेयकाच्या प्रवासातील कोणत्या टप्प्यावर सभागृहाबाहेरील नागरिकांचे म्हणणे पोहोचू शकते, हे सांगता येईल.
• विधेयक, अधिनियम, खंड, कलम, सुधारणा, नियम या संज्ञांतील फरक स्पष्ट करता येईल.
• स्थानिक संस्था कर आणि दुकाने व आस्थापना कायदा या उदाहरणांवरून व्यापारी संघटनांच्या मागण्यांचे परीक्षण करता येईल.
• एखाद्या विधेयकावर खंडनिहाय निवेदन तयार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात अर्ज, तक्रार आणि निवेदन हे लेखनप्रकार आपल्याला नेहमी भेटतात. अर्जात आपण काही मागतो. तक्रारीत घडून गेलेल्या अन्यायाकडे लक्ष वेधतो. निवेदनाचा एक प्रकार मात्र या दोहोंहून वेगळा आहे. त्यात अद्याप न घडलेल्या गोष्टीविषयी लिहावयाचे असते. विधेयक सभागृहापुढे आहे, ते संमत झाले तर काय होईल आणि काय व्हावे, हे तेथे मांडावयाचे असते. म्हणून या निवेदनाला मुदत असते. अधिवेशन संपले आणि विधेयक संमत झाले की तेच निवेदन निरुपयोगी कागद ठरतो.

विधेयकांवर सर्वांत सातत्याने म्हणणे मांडणारा वर्ग व्यापारी व उद्योजकांचा आहे. कर, परवाने, कामाचे तास, वजनमापे, पाट्या, बाजार समित्या अशा अनेक विषयांवरील कायदे त्यांच्या रोजच्या व्यवहारास भिडतात. मोठ्या उद्योगांकडे कायदेतज्ज्ञ असतात. तालुक्याच्या गावातील किराणा दुकानदारांच्या संघाकडे ते नसतात. अशा संघाचा चिटणीस हा बहुधा स्वतःच दुकानदार असतो, आणि विधेयकाचा मसुदा हाती आल्यावर तो वाचावा कसा, येथपासून त्याची अडचण सुरू होते. भाषेचा अभ्यास केलेली व्यक्ती येथे खरोखर उपयोगी पडू शकते. या घटकाचे मध्यवर्ती प्रतिपादन असे आहे की, ज्यांच्यापाशी वजन कमी असते त्यांच्यापाशी शब्द अधिक नेमके असावे लागतात.

४.२ पूर्वपीठिका : अर्जापासून निवेदनापर्यंत

राज्यकर्त्यांपुढे लेखी म्हणणे मांडण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८५२ मध्ये मुंबईत बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी, दादाभाई नौरोजी यांचा तिच्याशी निकटचा संबंध होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण १८५३ मध्ये व्हावयाचे होते. ते होण्यापूर्वीच या संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे आपला अर्ज पाठविला. जगन्नाथ शंकरशेट हे स्वतः मोठे व्यापारी होते आणि पुढे १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाचे सदस्य झाले. निर्णय होण्याआधी म्हणणे पोहोचले पाहिजे, हे तत्त्व त्या पिढीने ओळखले होते.

व्यापाऱ्यांच्या स्वतंत्र संघटनाही याच काळात आणि पुढे उभ्या राहिल्या. बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स १८३६ मध्ये स्थापन झाले, तेव्हा ते मुख्यतः युरोपीय व्यापाऱ्यांचे होते. भारतीय व्यापाऱ्यांनी १९०७ मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबर काढले. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स उभे राहिले आणि पुण्यात १९३४ मध्ये मराठा चेंबरची स्थापना झाली. या संस्थांच्या कामाचा एक मोठा भाग प्रारंभापासून निवेदनांचा आहे. एकट्या दुकानदाराचे गाऱ्हाणे हे त्याचे गाऱ्हाणे असते. संघटनेच्या माध्यमातून आले की ते एका वर्गाचे म्हणणे होते.

४.३ विधेयकाचा प्रवास आणि निवेदनाच्या जागा

महाराष्ट्राचे विधिमंडळ द्विसदनी आहे. विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य असतात. वर्षात साधारणपणे अर्थसंकल्पीय, पावसाळी व हिवाळी अशी तीन अधिवेशने होतात. १९५३ च्या नागपूर कराराच्या परंपरेनुसार हिवाळी अधिवेशन प्रायः नागपुरात भरते. नागपूरच्या अधिवेशनात निघणारे मोर्चे आपण वृत्तपत्रांत पाहतो. मोर्चाचे शिष्टमंडळ शेवटी मंत्र्यांना भेटते आणि त्यांच्या हाती एक कागद देते. हजारो पावलांचा अर्थ त्या एका कागदात उतरलेला असावा लागतो.

विधेयकाचा प्रवास आपण निवेदनकर्त्याच्या दृष्टीने चार टप्प्यांत पाहू.

पहिला टप्पा मसुद्याचा. विधेयक विभागात तयार होते आणि मंत्रिमंडळाची मान्यता मिळवते. या वेळी शासनाचे मत अजून घट्ट झालेले नसते, म्हणून बदलास वाव सर्वाधिक असतो. केंद्र शासनाने २०१४ मध्ये असे धोरण स्वीकारले की, विधेयकाचे मसुदे किमान ३० दिवस जनतेपुढे ठेवावेत. ते धोरण केंद्रीय विभागांसाठी आहे आणि राज्यांवर बंधनकारक नाही. त्यामुळे राज्यातील मसुदा पुष्कळदा प्रथम वृत्तपत्रातील बातमीतूनच कळतो.

दुसरा टप्पा पुरःस्थापनेचा. विधेयक सभागृहात मांडले की त्याची छापील प्रत उपलब्ध होते. प्रतीच्या अखेरीस ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असते. शासनाला हा कायदा कशासाठी हवा आहे, हे तेथे शासनाच्याच शब्दांत वाचावयास मिळते. खर्चाचा प्रश्न असल्यास वित्तीय ज्ञापन जोडलेले असते. नियम करण्याचे अधिकार शासनाकडे सोपविले जात असतील, तर त्यासंबंधीचेही ज्ञापन असते. हे शेवटचे ज्ञापन व्यापाऱ्यांनी विशेष काळजीपूर्वक वाचावे, कारण ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ या शब्दांमागे पुढे येणारे सगळे नमुने, शुल्क आणि मुदती दडलेल्या असतात.

तिसरा टप्पा विचाराचा. सभागृह प्रथम विधेयकाच्या तत्त्वावर चर्चा करते, मग एकेका खंडावर विचार करते. सदस्य याच वेळी सुधारणा सुचवू शकतात. मतभेद मोठे असतील तर विधेयक दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या संयुक्त समितीकडे जाऊ शकते. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये मांडले गेल्यावर अशा समितीकडे गेले. समितीने जनतेकडून सूचना मागविल्या आणि १२ हजारांहून अधिक सूचना आल्या. जुलै २०२५ मध्ये विधेयक संमत झाले, तेव्हा त्याच्या शब्दरचनेत काही बदल झालेले होते. ते विधेयक व्यापाराशी संबंधित नव्हते. परंतु समितीपुढे सूचना मांडण्याचा मार्ग कसा खुला होतो, हे त्यावरून समजते.

चौथा टप्पा दुसऱ्या सभागृहाचा. धन विधेयक विधान परिषदेला १४ दिवसांत परत करावे लागते आणि त्यावर तिला केवळ शिफारशी करता येतात. इतर विधेयकांत परिषद सुधारणा सुचवू शकते व काही काळ विलंबही घडवू शकते. येथे एक बारकावा लक्षात घ्या. स्थानिक संस्थेने स्थानिक प्रयोजनासाठी कर बसवावा एवढीच तरतूद विधेयकात असेल, तर केवळ त्या कारणाने ते धन विधेयक होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. महापालिकेच्या कराविषयी निवेदन देणाऱ्याने म्हणूनच विधान परिषदेच्या सदस्यांना वगळू नये.

संज्ञांविषयीही दक्षता हवी. विधेयकात ‘खंड’ असतात. विधेयक संमत होऊन त्याचा अधिनियम झाला की त्या खंडांना ‘कलम’ म्हणतात. अधिनियमाखाली शासन जे करते ते ‘नियम’. सभागृहापुढे असलेल्या विधेयकाच्या निवेदनात ‘कलम ५ रद्द करावे’ असे लिहिले, तर मूळ अधिनियमाचे कलम ५ की विधेयकाचा खंड ५, असा संभ्रम होतो. सुधारणा विधेयकात तर हे दोन्ही क्रमांक एकाच वाक्यात येतात.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) विधेयकाच्या प्रतीतील कोणत्या भागात शासनाचा हेतू नमूद असतो?
(आ) ‘खंड’ व ‘कलम’ यांतील फरक एका वाक्यात सांगा.

४.४ उदाहरण पहिले : स्थानिक संस्था कर

महाराष्ट्रातील शहरांत बाहेरून येणाऱ्या मालावर जकात घेतली जात असे. नाक्यावर वाहन थांबे, माल तपासला जाई, पावती फाटे. नाक्यावरील खोळंबा आणि गैरप्रकार यांमुळे जकात रद्द व्हावी, ही व्यापाऱ्यांचीच जुनी मागणी होती. राज्य शासनाने महापालिकांत २०१० पासून टप्प्याटप्प्याने जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आणला. ‘एलबीटी’ या आद्याक्षरांनीच तो लोकांच्या तोंडी बसला. २०१३ मध्ये तो पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नागपूर, नाशिक अशा मोठ्या शहरांत पोहोचला. मुंबईत मात्र जकात कायम राहिली.

नव्या करात नाका नव्हता. व्यापाऱ्याने नोंदणी करावी, शहराच्या हद्दीत वापरासाठी वा विक्रीसाठी आणलेल्या मालाचा हिशेब ठेवावा आणि कर स्वतः भरावा, अशी रचना होती. कागदावर ही सुधारणाच होती. तरीही २०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत राज्यभर व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून तीव्र विरोध केला. ज्यांनी जकात नको म्हटले, तेच जकातीच्या पर्यायालाही नको म्हणत होते. हे कसे समजावयाचे?

उत्तर मागणीच्या दोन थरांत आहे. ‘एलबीटी रद्द करा’ ही वरच्या थरातील घोषणा होती. तिच्याखाली निश्चित हरकती होत्या. व्यापारी विक्रीकर विभागाकडे मूल्यवर्धित करासाठी आधीच नोंदणी करीत होता व हिशेब देत होता. आता महापालिकेकडे दुसरी नोंदणी, दुसरे हिशेब आणि दुसरे तपासणी अधिकारी आले. जकातीत नाक्यावर पावती घेतली की संबंध संपत असे. नव्या करात अधिकारी दुकानापर्यंत येऊ शकत होता आणि चुकीबद्दल शास्ती होती. व्यापाऱ्यांचे म्हणणे असे की, कर घ्यावयाचाच असेल तर तो मूल्यवर्धित कराबरोबरच एका ठिकाणी घ्यावा. खालच्या थरातील हे म्हणणे घोषणेपेक्षा कितीतरी विचारार्ह होते, कारण त्यात पर्याय होता.

परंतु दुसरी बाजूही तेवढीच खरी होती. जकात व नंतर स्थानिक संस्था कर हे महापालिकांच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन होते. पाणीपुरवठा, रस्ते, सफाई, दवाखाने, शाळा यांचा खर्च त्यातून भागत असे. कर राज्याच्या विक्रीकर विभागामार्फत घेतला, तर महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नासाठी राज्य शासनाच्या तोंडाकडे पाहावे लागेल, ही शंका निराधार नव्हती. ‘हा कर नको’ असे म्हणणाऱ्यास ‘मग शहराने पैसा कोठून आणावा?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते.

हा प्रश्न सुटला तेव्हाच कर गेला, हे घटनाक्रमावरून दिसते. मार्च २०१५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी १ ऑगस्ट २०१५ पासून हा कर रद्द करण्याची घोषणा केली. प्रत्यक्षात ५० कोटी रुपयांपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असणारे व्यापारी त्यातून मुक्त झाले. त्यांत लहान व मध्यम व्यापारी जवळजवळ सर्व आले. मोठ्या उलाढालीवर कर चालू राहिला आणि महापालिकांची तूट राज्य शासनाने अनुदानातून भरून काढण्याचे मान्य केले. पुढे वस्तू व सेवा करासाठी मे २०१७ मध्ये विधिमंडळाचे विशेष अधिवेशन झाले. तेव्हा राज्याच्या वस्तू व सेवा कर कायद्याबरोबरच स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देण्याचा स्वतंत्र कायदाही संमत करण्यात आला. १ जुलै २०१७ पासून उरलेला स्थानिक संस्था कर आणि मुंबईची जकात दोन्ही संपुष्टात आली.

या उदाहरणातून दोन निष्कर्ष निघतात. हरकतीचे बळ तिला जोडलेल्या पर्यायातून येते, हा पहिला. कोणतीही सवलत फुकट नसते, हा दुसरा. दुकानदाराच्या खांद्यावरून उतरलेले ओझे राज्याच्या तिजोरीवर, म्हणजे अंतिमतः सर्व करदात्यांवर गेले. ते योग्य होते की नाही, याविषयी मतभेद असू शकतो. निवेदनात मात्र ते लपविता कामा नये.

४.५ उदाहरण दुसरे : एका संख्येचे आणि एका शब्दाचे वजन

मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम १९४८ चा. दुकाने केव्हा उघडावीत, केव्हा मिटावीत, नोकरांना सुट्टी केव्हा द्यावी, हे त्याने ठरविले होते. २०१७ मध्ये विधिमंडळाने त्याजागी नवा कायदा केला आणि १९ डिसेंबर २०१७ पासून तो अंमलात आला. आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा त्याने दिली. मात्र नोकराला साप्ताहिक सुट्टी मिळालीच पाहिजे, हे बंधन ठेवले. दुकान आणि नोकर यांची सुट्टी कायद्याने वेगळी केली. व्यापाऱ्याचे हित आणि कामगाराचे हित एकाच खंडात कसे सांभाळता येते, याचा हा चांगला नमुना आहे.

याच कायद्यातील दुसरी तरतूद पाहा. दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणी आवश्यक झाली. दहापेक्षा कमी कामगार असतील, तर केवळ व्यवसायाची सूचना देणे पुरेसे झाले. नऊ कामगारांचे दुकान एका बाजूला आणि दहांचे दुसऱ्या बाजूला, अशी रेषा ‘दहा’ या एका शब्दाने ओढली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० करण्यास आणि रोजच्या कामाचे तास ९ वरून १० करण्यास मान्यता दिली. दुकानदाराच्या दृष्टीने ही कागदपत्रांतून सुटका आहे. दहा ते एकोणीस कामगारांच्या दुकानात काम करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र कायद्याचे छत्र दूर सरकणे आहे. निवेदन वाचताना अशा प्रत्येक संख्येपाशी थांबावे आणि रेषा हलविल्याने कोण आत येतो व कोण बाहेर जातो, हे विचारावे.

मराठी पाट्यांचे प्रकरण शब्दाच्या वजनाचे आहे. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी नामफलक बंधनकारक करण्याचे ठरविले. मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावा, अशीही अट होती. मार्च २०२२ च्या अधिवेशनात त्यासाठी अधिनियमात सुधारणा झाली. त्याआधीच किरकोळ व्यापाऱ्यांच्या एका संघटनेने मराठी फलकासंबंधीच्या नियमाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने ती याचिका २५ हजार रुपयांच्या खर्चासह फेटाळली. इतर भाषांतील फलकांना या नियमाने मनाई केलेली नाही, हे न्यायालयाने लक्षात आणून दिले. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२३ मध्ये फलक बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

‘मराठी असावी’ आणि ‘मराठीच असावी’ यांत केवळ एका ‘च’ चे अंतर आहे. या एका अक्षराने कायद्याचा अर्थ बदलतो. नियमात जो ‘च’ नाही त्याविरुद्ध युक्तिवाद केला, तर तो टिकत नाही. दुकानदाराची खरी अडचण फलकाचा खर्च आणि मुदत ही असेल, तर मागणीही तेवढीच असावी : मुदत वाढवावी, लहान दुकानांसाठी टप्पे करावेत. भाषेच्या सार्वजनिक प्रतिष्ठेविरुद्ध उभे राहण्यापेक्षा ही मागणी अधिक न्याय्य असते, आणि ती मान्य होण्याचा संभवही अधिक असतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) ५० कोटी रुपयांच्या मर्यादेमुळे स्थानिक संस्था करातून कोण मुक्त झाले?
(आ) २०१७ च्या कायद्याने दुकानाची व नोकराची सुट्टी यांची सांगड कशी घातली?

४.६ कोणाचे म्हणणे लवकर ऐकले जाते?

शेजारच्या कर्नाटकातील एक घटना येथे तुलनेसाठी घेऊ. जुलै २०२४ मध्ये तेथील अधिवेशन चालू असताना मंत्रिमंडळाने खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना प्राधान्य देणाऱ्या विधेयकास मान्यता दिली. व्यवस्थापकीय पदांत ५० टक्के व इतर पदांत ७० टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात, असा त्याचा आशय होता. माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या नॅसकॉम या संघटनेने व अनेक उद्योजकांनी जाहीर विरोध केला. मान्यतेनंतर दोनच दिवसांत विधेयक स्थगित ठेवल्याचे शासनाने सांगितले.

महाराष्ट्रातील किरकोळ व्यापाऱ्यांना २०१३ च्या बंदपासून दिलासा मिळेपर्यंत दोन वर्षे लागली. कर्नाटकातील उद्योगाला दोन दिवस पुरले. दोन्ही प्रश्नांचे स्वरूप वेगळे होते, हे मान्य. तरीही उद्योग दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो आणि कोपऱ्यावरचे दुकान जाऊ शकत नाही, हा फरक कोणत्याही सभागृहाला ठाऊक असतो. कामगार, फेरीवाले, ग्राहक यांचा आवाज तर त्याहून उशिरा पोहोचतो.

या असमतोलावर उपाय म्हणून काही देशांत लोकप्रतिनिधींपुढे रदबदली करणाऱ्यांना नोंदणी करावी लागते. भारतात तसा कायदा नाही. २०१३ मध्ये लोकसभेत एका सदस्याने त्यासाठी खाजगी विधेयक मांडले होते, पण ते कायद्यात रूपांतरित झाले नाही. एक सीमारेषा मात्र न्यायालयाने स्पष्ट केली आहे. मतासाठी किंवा भाषणासाठी लाच घेणाऱ्या लोकप्रतिनिधीला विशेषाधिकाराचे संरक्षण मिळणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२४ रोजी दिला. म्हणणे पटवून देणे हा नागरिकाचा अधिकार आहे, मत विकत घेणे हा गुन्हा आहे. लेखी निवेदनाचे नैतिक मूल्य येथेच आहे. जे चारचौघांत वाचून दाखविता येते, तेच निवेदनात लिहिले जाते.

४.७ निवेदनलेखन : रीती आणि नमुना

विधेयकावरील निवेदनात पाच गोष्टी क्रमाने याव्यात. आपण कोण आहोत व आपले हित काय, विधेयकाच्या हेतूविषयी आपली भूमिका, हरकतीचा नेमका खंड, त्याचा प्रत्यक्ष परिणाम, आणि सुचविलेली शब्दरचना. सदस्याला सभागृहात सुधारणा मांडावयाची असते. आपण शब्दच दिले, तर त्याचे काम सुकर होते.

समजा, एका काल्पनिक विधेयकाच्या खंड ७ मध्ये पुढील तरतूद आहे : ‘प्रत्येक दुकानदार मालाच्या प्रत्येक आवकीची नोंद, ती झाल्यापासून २४ तासांच्या आत, ऑनलाइन करील; कसूर केल्यास तो १०,००० रुपयांपर्यंत दंडास पात्र असेल.’ त्यावरील निवेदन असे होईल.

प्रति,
मा. सदस्य,
महाराष्ट्र विधानसभा.

विषय : विधेयकाच्या खंड ७ मध्ये सुधारणा करण्याबाबत.

महोदय / महोदया,

आमचा संघ तालुक्यातील किराणा व धान्य दुकानदारांचा आहे. प्रस्तुत तरतुदीचा आमच्या व्यवसायावर थेट परिणाम होणार असल्याने आम्ही हे म्हणणे मांडीत आहोत.

साठेबाजीस आळा घालणे हा विधेयकाचा हेतू आम्हाला मान्य आहे. आमची हरकत खंड ७ मधील मुदत व दंड यांपुरती आहे. आमच्या बहुतेक सभासदांकडे स्वतंत्र लेखनिक नाही. बाजाराच्या दिवशी अनेकदा माल येतो आणि वीज व इंटरनेट यांची खात्री नसते. २४ तासांची मुदत पाळणे प्रामाणिक दुकानदारासही शक्य होणार नाही. पहिल्याच चुकीस दंड झाल्यास नोंद करण्याऐवजी ती टाळण्याकडे कल वाढेल आणि विधेयकाचा हेतूच निष्फळ होईल.

म्हणून खंड ७ मध्ये, (१) ‘२४ तासांच्या आत’ या मजकुराऐवजी ‘सात दिवसांच्या आत’ हा मजकूर दाखल करावा. (२) ‘कसूर केल्यास’ या मजकुरापूर्वी ‘लेखी समज दिल्यानंतरही’ हा मजकूर समाविष्ट करावा, ही विनंती. मुदत वाढल्याने तपासणीस काहीसा विलंब होईल, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून मोठ्या घाऊक साठ्यांसाठी मूळ मुदत ठेवण्यास आमची हरकत नाही.

आपला विश्वासू,
चिटणीस

या नमुन्यात ‘काळा कायदा’, ‘व्यापाऱ्यांचा गळा घोटणे’ असे शब्दप्रयोग नाहीत. ते सभेत शोभतात, निवेदनात नव्हे. शासनाच्या हेतूस मान्यता देऊन त्याच हेतूच्या आधारे हरकत घेतली आहे. आपल्या मागणीमुळे होणारी गैरसोयही सांगितली आहे. तोट्याची बाजू स्वतःहून मांडणाऱ्याच्या उर्वरित म्हणण्यावर वाचणारा विश्वास ठेवतो.

४.८ सारांश

विधेयकावरील निवेदन हे वेळेशी बांधलेले लेखन आहे. मसुदा, पुरःस्थापना, खंडनिहाय विचार व दुसरे सभागृह या टप्प्यांवर ते पोहोचू शकते. स्थानिक संस्था कराच्या उदाहरणात पर्यायी उत्पन्नाचा प्रश्न सुटल्यावर कर रद्द झाला. दुकाने व आस्थापना कायद्यात एका संख्येने अनेकांचे हक्क ठरले, तर मराठी फलकांच्या वादात शब्दाचा अचूक अर्थ निर्णायक ठरला. प्रबळ वर्गाचे म्हणणे लवकर ऐकले जाते. दुर्बळाला नेमक्या, प्रामाणिक आणि वेळेवर केलेल्या मांडणीचाच आधार असतो.

४.९ कठीण शब्दांचे अर्थ

पुरःस्थापना – विधेयक सभागृहात रीतसर मांडणे.
ज्ञापन – विधेयकास जोडलेले स्पष्टीकरणात्मक टिपण.
विहित – नियमांनी ठरवून दिलेले.
शास्ती – कायद्याने ठरविलेला दंड.
रदबदली – एखाद्याच्या बाजूने केलेली विनवणी वा मध्यस्थी.

४.१० स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (अ) उद्देश व कारणे यांच्या निवेदनात. (आ) विधेयकातील तरतुदीस खंड म्हणतात, तर अधिनियम झाल्यावर तिलाच कलम म्हणतात.
प्रश्न – २ : (अ) ५० कोटी रुपयांपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असणारे व्यापारी. (आ) दुकानास सातही दिवस उघडे राहण्याची मुभा दिली आणि नोकराची साप्ताहिक सुट्टी बंधनकारक ठेवली.

४.११ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘हरकतीचे बळ तिला जोडलेल्या पर्यायातून येते’ हे विधान स्थानिक संस्था कराच्या आधारे स्पष्ट करा.
२. ४.७ मधील काल्पनिक खंड ७ वर ग्राहकांच्या संघटनेच्या वतीने निवेदन लिहा. दुकानदारांच्या निवेदनाहून त्याची मागणी कोठे वेगळी होते, ते दोन-तीन वाक्यांत नोंदवा.
३. आपल्या परिसरातील व्यापारी संघाचे एखादे जुने निवेदन मिळवा. त्यातील घोषणा व नेमक्या मागण्या वेगवेगळ्या करा आणि ते खंडनिहाय पद्धतीने पुन्हा लिहा.